द्राक्षं कापायला मी सांगितलं

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही नवरा-बायको ओट्यावर जवळा निवडायला बसलो. सुका जवळा, शेरभर. शिरवण्यात तेव्हा ओटे शिल्लक होते. मागं कारखान्यांचा धूर, पुढं नव्या शहराचे रस्ते आणि मधी आमचं गाव. ती सुपात पाखडायची आणि माझ्यापुढच्या ताटात ओतायची. मी खडे, शिंपल्यांचे तुकडे, काड्या काढायच्या. माझं झालं की ती ताट आपल्याकडं ओढायची आणि पुन्हा बघायची. नुसती एक काडी उचलून माझ्या चष्म्यापुढं धरायची. म्हणजे ही बघा, ही राहिली.

दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी, घणसोलीला, भाच्याची हळद होती. पाखडता पाखडता ती म्हणाली,

"उद्या समदी असतील."

"असतील ना. हळद आहे, न असायला काय झालं?"

"उद्या सांगा मग."

"काय सांगू?"

"द्राक्षांचं. खरं काय त्ये."

मी म्हटलं, "बघू."

"बगू नका. पाच वर्सं बगताय."

"हळदीच्या मांडवात कोण ऐकतंय? सगळे पिऊन टाईट असतात."

"खोटं सांगलंत तवा बी टाईटच व्हती. ऐकलं ना समद्यांनी?"

असं म्हणून ती हसली. मी खाली मान घालून निवडत बसलो. जवळा डब्यात भरून तिनं झाकण लावलं, सूप भिंतीला टेकवलं. चारच्या सुमाराला तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्याच्या दारात थांबली तेव्हा ती गेलेली होती. दिवेलागणीला आम्ही तिला खाडीवर नेऊन आलो.

इतकंच. मरणाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. लिहायचंय ते द्राक्षांबद्दल. मी चौथी शिकलेला माणूस आहे, फिटर म्हणून रिटायर झालो. शुद्धलेखन नातीनं बघितलंय, बाकी शब्द माझे. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. दुःख कमी होतं म्हणतात. होत असेल एखाद्याचं.

आमची भातशेती होती, खाडीच्या अंगाला. थोडं मीठसुद्धा पिकवायचो. सत्तरच्या पुढं सरकारनं नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या आणि आमचं शेत गेलं. मला कारखान्यात काम मिळालं. रंगाची कंपनी, ठाणे-बेलापूर रोडवर. मी वजन उचलणारा म्हणून लागलो आणि हळूहळू फिटर झालो. म्हणजे मला शेताच्या बदल्यात पाना तरी मिळाला. तिला काही मिळालं नाही. कापणीला गावात तिच्यासारखा हात नव्हता. बायका ओळीनं वाकल्या की ही सगळ्यांच्या पुढं, आणि मागं एक लोंबी सुटलेली नसायची. करपलेलं कणीस ती चालता चालता नुसत्या बोटानं ओळखायची. शेत गेल्यावर तिचा विळा आढ्याला अडकवलेला राहिला. दिवाळीच्या सुमाराला कधी कधी ती गावाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहायची. रस्त्याखाली आमचं शेत होतं.

त्याच वर्षांत कंपनीत रंग वाळवायचा एक मोठा ड्रम आला, जर्मनीहून. तो बसवायला एक जर्मन माणूस आला. साहेब म्हणायचे त्याला सगळे, पण तोही फिटरच, हात ग्रीसनं काळे. मी त्याच्या हाताखाली होतो. दोन महिन्यांत त्याला कावीळ झाली. कंपनीच्या खोलीत एकटाच पडलेला, डोळे हळदीसारखे. घरी येऊन मी सांगितलं तर ही म्हणाली, "त्याची आई तिकडं, आन् तो इकडं मराचा काय?" वीस दिवस ती उकड्या तांदळाची पेज करून माझ्या डब्याबरोबर त्याचा डबा द्यायची. बरा झाल्यावर तो घरी आला, ओट्यावर मांडी घालायला गेला आणि उलटा पडला. ही हसून हसून बेजार. तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणायला लागला. मराठीतला तेवढा एकच शब्द त्याला यायचा. ही त्याला भावजी म्हणायची. गावात सांगायची, माझा दीर गोरा हाय.

तो गेला. नाताळात कार्ड यायचं. मग त्र्याऐंशी साली कंपनीनं तसलाच दुसरा ड्रम घ्यायचं ठरवलं आणि मला तीन आठवडे तिकडं पाठवायचं ठरलं, जुळणी बघायला. हे त्याला कळल्याबरोबर त्याची तार आली. वहिनीला घेऊन ये, तिचं तिकीट माझं, राहायचं माझ्या घरी.

तिचा पासपोर्ट अंगठ्यावर झाला. विमानात तिनं डोळे मिटून घेतले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. मी विचारलं, "झोप लागली?" म्हणाली, "झोप कसली! मी त्याला वर धरून ठेवला व्हता."

विमानतळावर जर्मन आला होता. तिथून आगगाडीनं त्याच्या गावाला निघालो. थोड्या वेळानं डाव्या हाताला नदी आली. ऱ्हाईन. आपल्या खाडीएवढी रुंद नाही, पण पाणी वाहतं, आणि भरती-ओहोटी नाही. तिला तेच नवल वाटलं. "यकाच बाजूला जातंय नुसतं? परत येत नाय?" दोन्ही बाजूंना डोंगर सरळ उभे. डोंगरावर ओळीनं लावलेल्या द्राक्षांच्या वेली, केस विंचरल्यासारख्या. आणि दर वळणावर एक किल्ला. कोणाचं छप्पर गेलेलं, कोणाच्या बुरुजावर झेंडा. आम्ही बेलापूरचा पडका किल्ला तेवढा बघितलेला. ही मोजत होती. सातावर गेल्यावर म्हणाली,

"यवडे किल्ले! शेजाऱ्याशेजाऱ्याचं पटत नसंल मेल्यांचं."

मी ते मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये जर्मनाला सांगितलं. तो मोठ्यानं हसला, म्हणाला बरोबर आहे. मग त्यानं सांगितलं की प्रत्येक किल्लेवाला जाणाऱ्या होड्या अडवायचा. काही जण तर नदीत साखळी टाकायचे. पैसे दिले की साखळी खाली. हे मी तिला सांगितलं.

"म्हंजे खाडीपुलावरचा नाका," ती म्हणाली. "त्येच्यासाटी यवडा वाडा बांदला?"

त्याचं घर नदीच्या काठावर होतं. काळ्या दगडी पाट्यांचं छप्पर, मागं लगेच डोंगर, आणि डोंगरावर त्यांची द्राक्षं. घरात त्याची आई. पंचाहत्तरीची म्हातारी, डोक्याला रुमाल, हात आमच्या हिच्यासारखेच, नखांत माती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. म्हातारी जर्मनमध्ये बोलत होती, ही आगरीत बोलत होती, आणि दोघी मान हलवत होत्या. मी जर्मनाला विचारलं, आई काय म्हणतेय? तो म्हणाला, थँक यू म्हणतेय, पेजेबद्दल.

कापणीचे दिवस होते. मी आणि जर्मन सकाळी गाडीनं कारखान्यात जायचो, नदीच्या काठाकाठानं तासभर. संध्याकाळी परत. दोन्ही वेळा तेच किल्ले, पण सकाळी धुक्यात नुसते बुरुज दिसायचे, आभाळात टांगल्यासारखे. ही घरी. पहिल्या दिवशी तिला म्हातारीनं खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी मी परत आलो तर ही डोंगरावर, लुगड्याचा काष्टा मारलेला, वर जर्मनाचा स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, हातात द्राक्षाची कात्री. उतार असा की आमची शेळी चरली नसती. मजूर बायका दोर धरून चढायच्या, ही नुसतीच चढत होती.

मी खालून ओरडलो, "अगं पडशील!"

"तुमीच पडाल खाली हुबं राहून," ती वरून ओरडली.

दहा वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती. तोंड उन्हानं लाल, आवाज चढलेला. त्या रात्री जेवताना जर्मनानं सांगितलं, आई म्हणते, वहिनीचा एक हात आमच्या तिघींचं काम करतो. मी हे तिला सांगितल्यावर ती लाजली, आणि मग म्हणाली, "ह्यांचा राजा गेला, किल्ला पडला, पन म्हातारीचं शेत हाय तितंच हाय. आमचा किल्ला बी नव्हता आन् शेत बी नाय."

त्यांची दारू तिनं नुसती हुंगली. "ताडी बरी," म्हणाली.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळायची नाही. सकाळी धुकं पडलं की म्हातारी खूश. खिडकी उघडून बघायची, मुलाला हाक मारायची. आपल्याकडं धुकं पडलं की आंब्याचा मोहर गेला म्हणून लोक डोक्याला हात लावतात. ही म्हणायची, "बिचारीचं वय झालंय. पीक बुडतंय आन् हसतंय."

डोंगराच्या वरच्या टोकाला, पडक्या भिंतीखाली, चार ओळी कापायच्या राहिल्या होत्या. बाकी डोंगर झाला तरी त्या तशाच. तिथली द्राक्षं सुरकुतलेली, तपकिरी पडलेली, वर राखाडी बुरशी. आम्हाला वाटलं, हात पुरले नाहीत.

शेवटच्या आठवड्यातला रविवार. जर्मन आणि म्हातारी सकाळी देवळात गेली आणि तिथून होडीनं पलीकडच्या गावाला, नातेवाइकाच्या बारशाला. संध्याकाळपर्यंत घर आमच्या ताब्यात. आम्ही वर फिरायला गेलो. तिथून नदीचं पूर्ण वळण दिसतं, दोन किल्ले, खाली आगगाडी खेळण्यासारखी. मी त्या चार ओळींकडं बघितलं आणि म्हटलं,

"चल, एवढं साफ करून टाकू. आल्यावर बघतील तर बरं वाटेल."

ती म्हणाली, "इचारल्याबिगर?"

"सडलेला माल काढायला काय विचारायचं? आपण करपलेलं ठेवतो का शेतात?"

"आपलं शेत येगलं. म्हातारी हितं येऊन रोज बगतंय ह्यांना. मी बगितलंय. हात लावतंय आन् सोडतंय."

"म्हातारीला चढवत नाही आता म्हणून. तुला काय कळतंय? चल, कात्री घे."

हे शब्द माझे. तुला काय कळतंय, असं मी तिला म्हटलं, ज्या कामात मला तिच्या नखाइतकं कळत नव्हतं त्या कामात. तिनं कात्री घेतली. नवरा म्हणतोय म्हटल्यावर घेतली. आमच्यात तेव्हा असंच होतं.

तीन वाजेपर्यंत आम्ही चारही ओळी साफ केल्या. घड कापून बाजूच्या घळीत फेकले. ती कापताना दोनदा थांबली, एक दाणा तोंडात टाकला, म्हणाली, "ग्वाड हाय वो. लय ग्वाड." मी म्हटलं, सडल्यावर गोडच लागतं. वेलींच्या खालचा पालासुद्धा मी झाडून काढला.

ते दोघं आले. मी मोठ्या ऐटीत जर्मनाला वर घेऊन गेलो, सरप्राईज म्हणून. मागून ही आणि म्हातारी. जर्मन ओळींपुढं थांबला. मग दगडावर बसला. म्हातारी उभीच होती, रुमालाची गाठ धरून.

त्यानं मला हळूहळू सांगितलं. त्या ओळी मुद्दाम ठेवल्या होत्या. ती बुरशी वाईट नाही. धुकं पडतं, मग ऊन पडतं, आणि ती बुरशी दाण्यातलं पाणी पिऊन टाकते, गोडी तेवढी उरते. त्याची जी वाईन होते ती सगळ्यात वरची. दर वर्षी जमत नाही. बाप लढाईवरून परत आला त्या वर्षी त्यानं त्या ओळी लावल्या होत्या. बाप गेल्यापासून एकदाही जमलं नव्हतं. या वर्षी जमणार होतं, पुढच्या आठवड्यात काढायची होती. म्हणून आई रोज धुकं बघायची.

मग त्यानं विचारलं, "का कापलं? कोणी?"

मी त्या कारखान्यात दोन आठवड्यांत मान मिळवला होता. तिथले लोक माझ्याशी हात मिळवायचे, भारतातून आलेला फिटर म्हणून. कंपनीला कळलं तर काय, हेही डोक्यात आलं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त होती. मी म्हटलं, "वाईफ. व्हिलेज वूमन. नो अंडरस्टँड."

ती बाजूला उभी होती. हसत होती. तिला वाटलं, शाबासकी चाललीय.

जर्मनानं आईला सांगितलं. म्हातारीनं एकदा हिच्याकडं बघितलं, नजर वळवली आणि खाली उतरायला लागली. तेव्हा हिचं हसू गेलं. मला म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं, ती द्राक्षं सडलेली नव्हती, चूक झाली, चालायचं. कोणाचं नाव घेतलं ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी आणि जर्मन कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर घळीत दोघी. ही सकाळीच टोपली घेऊन उतरली होती आणि फेकलेले घड मातीतून, काट्यातून वेचत होती. म्हातारीनं खिडकीतून बघितलं, थोड्या वेळानं तीही बादली घेऊन उतरली. दिवसभर दोघींनी एकेक घड पुसला, एकेक दाणा निवडला. चिखलाचा इकडं, फुटलेला इकडं, चांगला त्या भांड्यात. संध्याकाळी भांडं अर्धं भरलं होतं. एवढ्याशाची वाईन होते का मला माहीत नाही. म्हातारीनं हिच्या गालावर हात ठेवला, ओला, चिकट हात. माफ केलं, असा. हिनं तो हात धरून कपाळाला लावला.

मी घळीच्या वर उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं.

स्टेशनवर निघताना म्हातारी आली होती. गाडीची वेळ झाली तरी ती माझ्याकडं बघत राहिली आणि मुलाला काहीतरी म्हणाली. जर्मन म्हणाला, "आई विचारते, आधी कोणी म्हटलं कापा? ती म्हणते, हा हात न सांगता कापणार नाही."

मी पुन्हा म्हटलं, "वाईफ."

म्हातारीनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात ती वारल्याचं कार्ड आलं. तिथलं ते तसंच राहिलं. ते आता दुरुस्त व्हायचं नाही.

इकडं आल्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जर्मनीला जाऊन आलेला माणूस गावात मी एकटा. जो तो म्हणे, सांगा की, कसं होतं. लग्नाचा सीझन सुरू झाला. घणसोलीत एका हळदीला, दोन ग्लास झाल्यावर, मी किल्ल्यांचं सांगितलं, साखळीचं सांगितलं, आणि मग द्राक्षांचं. "आमच्या हिनं काय केलं माहितीय? गोऱ्याची लाखमोलाची द्राक्षं सडकी म्हणून कापून फेकली!" मांडव हसला. मला चेव चढला. मी तिची नक्कलसुद्धा केली, काष्टा मारून चढणारी. पुढच्या हळदीला लोकांनी स्वतःहून मागितलं, ते द्राक्षांचं होऊन जाऊ द्या. कंपनीच्या कँटीनमध्ये, गावच्या देवळापुढं, सगळीकडं. तिला द्राक्षवाली नाव पडलं.

ती पहिल्या वेळी बायकांत बसून ऐकत होती. बायकांबरोबर हसली. घरी आल्यावर लुगडं बदलता बदलता म्हणाली, "म्हंजे म्हातारीला बी असंच सांगलं व्हतं तुमी. म्हनून ती बगत नव्हती माज्याकडं." मी सदरा खुंटीला अडकवत राहिलो. ती म्हणाली, "बरं सांगलंत. मांडव लय हसला."

चारचौघांत तिनं मला एकदाही खोटं पाडलं नाही. एक शब्द बोलली असती तर माझी अब्रू गेली असती. नाही बोलली.

मग आली पुढची कापणी. घणसोलीला मेहुण्याचं खाडीकडचं एक शेत उरलं होतं. त्याचीही नोटीस आली होती, म्हणजे ही शेवटचीच कापणी. ही आढ्यावरचा विळा काढून, धार लावून, पहाटेची पहिली बस धरून गेली. मीही गेलो, भारे उचलायला. बायका ओळीला लागल्या. पूर्वी कोणत्याही शेतात पहिली जागा हिची असायची. ही पुढं झाली तर मेहुण्याची बायको हसत हसत म्हणाली,

"वन्सं, तुमी बांदावं बसा. तुमी काय कापाल काय ठेवाल, भरवसा नाय."

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मनात वाईट नव्हतं कोणाच्या. चेष्टाच. ही पण हसली. "व्हय व्हय, जर्मनीवाली मी," म्हणाली, आणि बांधावर जाऊन बसली. विळा मांडीवर. दुपारपर्यंत शेत कापून झालं, ती तिथंच. मधी एकदा वाकून बांधालगतची सुटलेली एक लोंबी तिनं हातानं खुडली आणि पदरात ठेवली. मी भारा डोक्यावर घेऊन तिच्यासमोरून सहा वेळा गेलो. सहाही वेळा वाटलं, भारा टाकावा आणि ओरडून सांगावं. सहाही वेळा पुढं गेलो.

ते शेत नंतर गेलं. आता तिथं इमारती आहेत. तिच्या हातून पुन्हा कापणी झाली नाही.

त्यानंतर कधीतरी ती म्हणायला लागली, सांगा. रागानं नाही. भाजी आणायची आठवण करून द्यावी तशी. "शिकलेली नाय, दिसायला बरी नाय, समदं चालंल. पन मना पीक कलत नाय असं म्हनू नका." मी बघू म्हणायचो. पाच वर्षं बघू म्हणालो.

आणि त्या दुपारी पुन्हा बघू म्हणालो.

आमच्यात दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडतात. घणसोलीची हळद रद्द झाली होती आणि हळदीला जमलेले सगळे इकडं आले होते. मेहुणा, त्याची बायको, भाऊकी, कंपनीतले पाचसहा जण. तीसचाळीस माणसं खाडीच्या काठावर. मडक्यात राख भरून झाली. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ओहोटी लागलीय, आताच सोडायला पाहिजे, म्हणजे लांब जाईल. मला पाण्याकडं चल म्हणाले. मडकं माझ्या हातात होतं.

मी म्हटलं, "थांबा. मला एक सांगायचंय."

मेहुणा म्हणाला, "आता काय? पानी उतरतंय."

"उतरू द्या. बसा सगळे."

कोणी बसलं नाही, पण थांबले. मी द्राक्षांचं सांगायला लागलो. किल्ल्यांचं नाही, साखळीचं नाही, सरळ रविवार सकाळपासून. चार ओळी, बुरशी, आम्ही वर फिरायला गेलेलो. गोष्ट ओळखीची. "सडकी म्हणून कापून फेकली" या शब्दांपाशी मी पोचलो तेव्हा मागं दोघंतिघं सवयीनं हसले. मग त्यांना कळलं आपण कुठं उभे आहोत, आणि एकानं तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "हसा. इथंच हसायचं, मीच शिकवलंय. पण कापा म्हणणारा मी होतो. ती म्हणाली, विचारल्याबिगर? मी म्हटलं, तुला काय कळतंय. आणि गोऱ्यानं विचारलं तेव्हा मी तिचं नाव सांगितलं. तिच्यासमोर, तिला न कळणाऱ्या भाषेत. आणि तुम्हाला मांडवात सांगितलं ते सगळं खोटं. तिला कळत होतं. तिनं तोंडात दाणा टाकून सांगितलं होतं, गोड आहे."

कंपनीतला एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना, आता कशाला टेन्शन. गेल्या त्या."

"ती गेली म्हणून तर," मी म्हटलं.

मेहुण्याची बायको पुढं आली. तिचं तोंड पडलेलं. "म्हंजे शेतात मी त्यांना..." एवढंच म्हणाली आणि चिखलात खालीच बसली. मी तिला म्हटलं, "तू नाही बाई. मी. तुझ्यासमोरून भारे नेत होतो मी."

मेहुणा माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, "पाच वर्सं माजी भैन..."

तेवढ्यात तुर्भ्याकडून उशिरा आलेले चार जण रस्त्यावरून खाली उतरले. तिच्या मावशीकडचे. काय झालं, काय झालं, विचारायला लागले. पाणी पार खाली गेलं होतं, गुडघाभर चिखल उघडा पडला होता. म्हातारा ओरडत होता, आता सोडा, नाहीतर दुपारपर्यंत थांबावं लागेल.

मी म्हटलं, थांबू. आणि त्या चौघांना जवळ बोलावून पहिल्यापासून सांगायला लागलो.